एकाच टबातलं पाणी

सोमवार, ४ जून
देवाच्या कृपेने क्वार्टर मिळालं. दोन खोल्या, मोरी, दिवसभर नळ, वर भाडं नाही. ह्यांना बुरशी संशोधन केंद्रात रखवालीचं काम, मला तिथल्याच काचेच्या थाळ्या धुण्याचं. दोघांपैकी एकाचं काम गेलं तरी बिऱ्हाड हलवावं लागेल, एवढीच अट. सासूबाईंनी आल्या आल्या भिंत हुंगून सांगितलं की हे घर माणसांसाठी बांधलेलंच नाही. त्यांना राजवाडा दिला तरी आधी कोपऱ्यातली धूळ दाखवतील. मी देवापुढे दिवा लावला आणि कामाला लागले.

मंगळवार, ५ जून
केंद्रातल्या डॉक्टरबाईंनी काम समजावलं. थाळ्यांत माणसाच्या फुप्फुसात वाढणारी बुरशी आहे, दोन वाणांची. लाल झाकणाची भराभर पसरते, पण औषधाने मरते. निळ्या झाकणाची औषधाला दाद देत नाही, पण एका माणसाची दुसऱ्याला लागत नाही. दोघी भेटल्या तर गुणांची देवाणघेवाण करतात आणि पोरं आयांच्या वरताण निघतात. म्हणून टब दोन, ब्रश दोन, प्रत्येक टबात बाटलीभर जंतुनाशक. मी मॅट्रिक पास आहे म्हटल्यावर म्हणाल्या की इथे पास-नापास कोणी विचारत नाही, हात नीट चालले पाहिजेत.

शुक्रवार, ८ जून
दोन टब म्हणजे दुप्पट नासाडी. आज सगळ्या थाळ्या एकातच घातल्या, जंतुनाशक अर्धी बाटली. लख्ख निघाल्या. उरलेल्या पाण्याला औषधाचा वास होता, ओतून द्यायला जीव होईना. बादली घरी आणून दोन्ही खोल्यांची फरशी पुसली. जमिनीवर निजणाऱ्या सासूबाई कुरकुरल्या की दवाखान्यात झोपल्यासारखं वाटतं.

गुरुवार, १४ जून
सासूबाईंना खोकला. फरशीच्या सांध्यांत करडी लव दिसते. सकाळी घासली, दुपारी पुन्हा आली. शेजारणीने उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस केली आणि आपल्या पोरांना हाकलत नेलं.

सोमवार, १८ जून
डॉक्टरबाई घरी आल्या. टब वेगळे ठेवले होते ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. खरं सांगितलं असतं तर आजच रस्त्यावर आलो असतो. सासूबाईंनी बादली पाहिली होती. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, खोकल्याने बोलता येईना. बाई लाल वाणाचं औषध देऊन गेल्या.

बुधवार, २० जून
सासूबाई गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या की तू वाचवलंस ते आता तुलाच पुरो. हेही खोकतात. मीही.

गुरुवार, २१ जून
डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, सरळ फोन उचलला. माणसं आली, फरशीवर ॲसिड ओतलं, ह्यांना आतल्या खोलीत घातलं, मला बाहेरच्या. बाहेरून कुलूप.

शनिवार, २३ जून
बाई खिडकीच्या काचेपलीकडून बोलल्या. ह्यांच्यात निळा वाण — औषध चालत नाही, पण दुसऱ्याला लागणार नाही. माझ्यात लाल — औषध लागू पडतंय, मी वाचेन. सासूबाईंच्यात दोन्ही होते. मिसळण्याआधी गेल्या ते बरंच झालं, म्हणाल्या. दोघांतलं दार उघडायचं नाही. उघडलं तर जे होईल ते गावभर पसरेल, आणि औषध नाही. ह्यांना पाणी मागच्या खिडकीतून देतील.

रविवार
मागच्या खिडकीकडे कोणी फिरकलं नाही. हे पाणी मागतायत. काचेवर थापा मारल्या, बाहेर बसवलेल्या पहारेकऱ्याने पाठ फिरवली. त्यांना हे मेलेलेच हवेत — जप करते, मधेच तुटतो —

सोमवार
आवाज खोल गेलाय. आता हाक मला नाही, आईला मारतात. त्या गेल्या हे विसरले —

माझ्या बाजूच्या मोरीत पेला भरला. तोंडाला ओला फडका बांधला. देवा, दार जरासंच, पेल्यापुरतं —

वही गुडघ्यावर — कडी निघाली — हे दाराला टेकूनच बसले होते, अंगावरच कोसळ — खोकले — माझा फडका सुट