आज जोएलकडे आंघोळ नाही

रोझलीन,

तुझा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. भरतीबरोबर आपली होडी बंदराला लागेल, मासळी उतरवायला जातोय. पेज थर्मासमध्ये आहे. लाकडी चमच्यानेच खा, स्टीलचा तुला गंजासारखा लागतो. अंगात ताप वाटला तर लगेच फोन कर, उगाच सोसत बसू नकोस.

एक सांगायचं राहिलंय. पहिल्या केमोनंतर माझ्या अंगाच्या मासळीच्या वासाने तुला उलटी झाली ना, तेव्हापासून मी भावाकडे आंघोळ करूनच घरी येतो. दोनदा साबण, वर लिंबू. म्हणून उशीर होतो. तुला वाटलं, मी घरी यायचं टाळतोय. जोएलच्या मोरीत डोकं घासत होतो गं!

मघाशी खिडकीतून वारा आला, खुर्चीवरचा तुझा स्कार्फ शिडासारखा फुगला आणि तू झोपेत हसलीस. आपलं नवीन लग्न झालेलं तेव्हाच्या आवाजात म्हणालीस, "पास्कल, तू अजून दर्यावरून आला नाय?"

मी तुझ्या उशाशीच बसलो होतो. अंगाला नुसता साबणाचा वास.

आज थेट बंदरावरून येतो, हाताला खवले असतील तसाच. उंबऱ्याबाहेर उभा राहीन. सोसवलं नाही तर नुसता हात वर कर, आल्या पावली जोएलकडे जाईन. रागावणार नाही.

आणि सोसवलं, तर पहिल्यासारखं विचार, "काय गावलं आज?"

पास्कल