गादीखाली कोंबलेला स्वेटर

मंगळवार, संध्याकाळ. कुंडल.

डोकं अजून तापलेलंच आहे. सकाळी गारठा होता, म्हणून पलंगावर बसून लेकीच्या तान्ह्या बाळाचा स्वेटर विणत होतो. तेवढ्यात चुलतभाऊ दारात आले आणि बायकोनं माझ्या हातातलं विणकाम ओढून गादीखाली कोंबलं. सुई निसटली, टाके सुटले.

ते गेल्यावर विचारलं, तर म्हणते, "आवं, भावकी हसली असती. फौजी गडी आन् बायकांचं काम!"

लाज कसली त्यात? बर्फातल्या चौकीवर वेळ जाईना म्हणून शिकलो. तिथं माझे मोजे घालून कुणी हसलं नाही. आणि इथं माझ्याच घरात... टाके सुटले याचं तिला काहीच नाही?

दुपारी टाके पुन्हा उचलले आणि मुद्दाम ओट्यावर, रस्त्याकडं तोंड करून विणत बसलो. शेजारचा तानाजी थांबला.

"काय रं फौजी, ह्ये काय?"

"स्वेटर. तुला पायजे का?"

तो पाय उचलून चालता झाला.

मग बायको बाहेर आली. वाटलं, आता आत चला म्हणणार. तिनं स्वेटर उन्हात धरून बघितला.

"गळा लहान झालाय. पोराचं डोकं जायचं न्हाई."

लय राग आला. खरंच लहान झाला होता.