वाढत्या अंगाच्या स्की

श. ४ ऑक्टो.
इराच्या कोचने आज क्लास संपल्यावर थांबवलं. मिस गो. पंचविशीची असेल, पण मला ओरडते तेव्हा पन्नाशीची वाटते. म्हणाली, इरा आता बिगिनर राहिलेली नाही, तिच्या स्की तिला लहान पडायला लागल्यात, वेग घेतला की थरथरतात. "चिन टू नोज, अंकल. दॅट लेन्थ कॅन ऑलरेडी." म्हणजे स्की उभी धरली की वरचं टोक हनुवटी आणि नाक यांच्या मधे कुठेतरी यावं. इरा १५१ सेंमी. तर १३५ ते १४०.

२५ ला निवड चाचणी. आठ मुलं डिसेंबरात जपानला, खऱ्या बर्फावर. पोरगी इथे, बारमाही उकाड्याच्या देशात, सेंटरमधल्या फिरत्या गालिच्याच्या उतारावर शिकली, बर्फ फक्त फ्रीजरमधला बघितलाय. पोहण्याला घाबरायची, सायकलला घाबरायची. इथे वर्षभरात एकदाही "नको" म्हणाली नाही. हा कॅम्प तिच्यापेक्षा मलाच जास्त हवाय का? असेल.

सोम. ६
स्कीची लांबी हा विषय काढायची खोटी, सगळे तज्ज्ञ. तांजोंग पगारच्या फूड कोर्टात जेवताना ऑफिसातला कुलकर्णी (स्वित्झर्लंडला दोनदा गेलाय, त्यातलं एकदा पाय मुरगळून हॉटेलात) म्हणे, कपाळापर्यंत घे. मराठी ग्रुपवरच्या एक बाई म्हणे, उंची नाही, वजन बघा. इंटरनेटवर जितकी पानं तितके आकडे. कुणी म्हणतं लांब स्की म्हणजे स्थिर, कुणी म्हणतं आखूड म्हणजे वळायला सोपी. डोकं उठलं.

वृ. म्हणाली, "अरे, कोचने सांगितलंय ना? मग?"
बायको म्हणून हिचं हेच चुकतं, हिला प्रश्नच पडत नाहीत.

बुध. ८
मिळाल्या! देश सोडून चाललेलं एक कुटुंब, त्यांच्या मुलीच्या, ओरखडासुद्धा नाही. १५६. हो, इराच्या डोक्याच्या वर तीन बोटं जातात. पण पोरगी गेल्या वर्षी सात सेंमी वाढली. १३८ घ्यायच्या, सहा महिन्यांत टाकून द्यायच्या, हा कुठला शहाणपणा.

ती लांबलचक बॅग घेऊन एलआरटीच्या चिमुकल्या ट्रेनमध्ये शिरलो. बुकित पंजांग स्टेशनपर्यंत दोन म्हाताऱ्यांचे पाय वाचवले, तिसऱ्याचा नाही वाचला. तो म्हणाला, "फिशिंग आह?" मी हो म्हणालो.

घरी इरा स्कीशेजारी उभी राहिली आणि वर बघितलं. "बाबा, इट्स टॉलर दॅन मी."
म्हटलं, वाढत्या अंगाचं घ्यावं, येशील त्यात.
वृ. स्कीकडे एकदा बघून कुकर लावायला गेली. झाकण जरा जोरातच लागलं.

श. ११
बाइंडिंग, म्हणजे बूट अडकवायचा खटका, इराच्या बुटाला बसवून घेतलं होतं, सगळं नीट. मिस गोने स्की बघितल्या, मग माझ्याकडे बघितलं. "अंकल, हूज स्की?" म्हटलं, इराच्या. "व्हिच इरा?" मला हा विनोद कळला नाही.

इरा चार वेळा पडली. टोकं एकमेकांवर चढतात. पाचव्यांदा पडू नये म्हणून पुढची टोकं जुळवून मागची फाकवत उतरली, ज्याला ही मुलं पिझ्झा म्हणतात. पिझ्झा पहिल्या महिन्यातला प्रकार! मार्चपासून ती दोन्ही स्की समांतर ठेवून वळत होती, झकास. मिस गो म्हणे, परत आखूड द्या. मी म्हटलं, दोन क्लास द्या, सवय होईल.
सवय होते माणसाला. सगळ्याची होते.

र. १२
दिवाळीची खरेदी, लिटिल इंडिया. पाय ठेवायला जागा नाही. इराला ड्रेस घेतला, निळा, एक साइज मोठा. बाह्या दुमडून दिल्या की झालं. दुकानदार तमिळ, त्याला हिंदीत समजावतोय की हाच पण मोठा द्या, तर इरा दुकानाबाहेर जाऊन उभी. बोलावलं तर म्हणे, "यू चूज, लाह."
आजकाल प्रत्येक गोष्टीवर तोंड फुगवायचं. तेरावं वर्ष. वृ. म्हणते, वयाला कशाला बोल लावतोस.

श. १८
वाईट दिवस.
तिसऱ्या फेरीत डावी स्की अडकली, इरा पाठीवर आपटली, गालिचा बंद करावा लागला. लागलं नाही फारसं. पण उठली ती थेट बाहेर. बूट काढून तिथेच टाकले.
टॅक्सीत: "आय डोन्ट वॉन्ट टू डू द ट्रायल."
म्हटलं, एका पडण्यावरून असं...
वृ.ने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, म्हणजे गप्प बस. बसलो. टॅक्सीवाल्याने रेडिओ लहान केला, त्यालासुद्धा कळलं.

घरी आल्यावर मिस गोचा मेसेज. 'शी इज नॉट स्केअर्ड ऑफ स्लोप. शी इज स्केअर्ड ऑफ युअर स्की.' माझ्या स्की म्हणे. संताप आला. वर्षभर दर शनिवारी हिला ने-आण करतोय मी, माझी झोप मोडून, आणि मीच गुन्हेगार. उत्तर लिहिलं, चार वेळा. चारही खोडली.

सोम. २० दिवाळी
सुट्टी. उटणं, अभ्यंगस्नान, इथल्या बाथरूममध्ये पाट ठेवला की दार लागत नाही, दरवर्षीचं भांडण. फराळ वृ.ने केलेला, चकल्या विकतच्या.

इरा खोलीतून बाहेर आली ती गेल्या वर्षीच्या पिवळ्या ड्रेसमध्ये. म्हटलं, नवा कुठाय? म्हणाली, "लूज आहे." मग आरशासमोर वळून वळून बघत होती. "बाबा, हा आता बरोबर बसतो. गेल्या वर्षी पिना लावल्या होत्या, आठवतं? आता बसतो तर जुना झाला."
म्हटलं, अगं नवाही पुढच्या वर्षी...
"एव्हरीथिंग यू बाय इज फॉर नेक्स्ट इयर्स इरा. तिचीच मजा आहे. मला कधी मिळणार?"
रागाने नाही म्हणाली. हे जास्त वाईट. लाडू घेतला आणि मैत्रिणींकडे गेली.

मी सोफ्यावर बसून राहिलो. साताऱ्यात आठवीत होतो तेव्हाची शर्यत. वडिलांनी, अण्णांनी, घेतलेले बूट, पुढे कापूस कोंबलेला. दोनशे मीटरला पहिला होतो, वळणावर उजवा बूट निघून गेला, एका बुटावर पाचवा आलो. हा किस्सा मी तीस वर्षं हसवायला सांगतोय. इरालाही सांगितलाय, दहा वेळा. आज लक्षात आलं की ती कधीच हसली नव्हती. आणि बूट मापाचे झाले तोवर तळ गेले होते, आणि मी शर्यतीत भाग घेणं सोडलं होतं. कुणी विचारलं नाही का सोडलं. मीही सांगितलं नाही.
अण्णांचा राग आला, मग माझा आला. अण्णांना निदान दोन्ही टोकं जुळवायची होती. मला काय धाड भरली होती?

मं. २१
ऑफिसातून अर्धा दिवस घेतला. स्की सेंटरला. मिस गोला म्हटलं, चुकलो. ती म्हणाली, "ओके लाह," आणि भाड्याच्या १३८ बाजूला काढून ठेवल्या, चाचणीपर्यंत. तिने काही सुनावलं असतं तर बरं वाटलं असतं.
इराला सांगितलं. सॉरीही म्हटलं, इंग्रजीत, मराठीत जमेना. ती म्हणाली, "बघते."
"बघते म्हणजे ट्रायल देणार?"
वृ. स्वयंपाकघरातून: "तिने बघते म्हटलंय."

गु. २३
संध्याकाळी इरा वृ.बरोबर जाऊन १३८ वर सराव करून आली. मला येऊ नको म्हणाली. कशी झाली विचारलं, तर दोघी म्हणतात "ठीक." माझ्याच घरात मला कुणी माहिती देत नाही.
नाव अजून यादीत आहे. ते मी वेबसाइटवर बघितलं. पाच वेळा.

श. २५
सेंटरच्या कॅफेत बसून लिहितोय. आज आलो, पण इराची अट: उतारासमोरच्या काचेजवळ यायचं नाही, सूचना द्यायच्या नाहीत. चाचणी द्यायची की नाही ते तिथे गेल्यावर ठरवणार.

मघाशी स्की घेताना तिथल्या मुलीने विचारलं, १३८ की १४४? माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं, १४४ जिभेवर होतं. इराने दोन्ही उभ्या करून बघितल्या. १३८ नाकाच्या जरा खाली. म्हणाली, "धिस वन. आज ही."
मी कॉफी आणायला गेलो.

बारा मुलं आहेत. इराचा नंबर सातवा. सहावा मुलगा आता वर गेला. बरा उतरतोय. इरा बाकावर बसली आहे, बूट घातलेत, हेल्मेट शेजारी ठेवलंय.
वृ. म्हणते, जाऊन सांग ना तिला हेल्मेट घाल म्हणून, नाव पुकारतील आता.
मी जात नाहीये.
नाव पुकारलं. हेल्मेट अजून बाकावरच आहे. ती उभी राहिली. उताराकडे जाते की दाराकडे, ते तिचं ती बघेल.