तिसऱ्याचे ‘ठीक’

सोमवार, ४ मार्च

घडले ते क्रमाने लिहिते, म्हणजे डोके थाऱ्यावर येईल.

एक — रुग्णांचे तपासणी-अहवाल मागणारी प्रत्येक विनंती आधी आमच्या गेटवेवर येते. तो ती मागच्या तीन सर्व्हरांपैकी एकाकडे पाठवतो. दोन — वाटपाचा नियम माझा: जो सर्वांत लवकर उत्तर देतो, त्याला पुढची विनंती. तीन — आज सकाळी ११.२२ ला आमच्या कार्यालयातल्या काकांनी, मी बैठकीत असताना, मला न विचारता तो नियम काढून सरळ ‘पाळीपाळीने’ लावला. चार — ११.३० पासून दवाखान्यांचे फोन: अहवाल उघडत नाहीत. पाच — मी येऊन माझा नियम परत लावला, तिन्ही सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केले. सहा — १२.१० ला सर्व सुरळीत.

निष्कर्ष काढायला विद्वत्ता लागत नाही.

मंगळवार, ५ मार्च

साहेब म्हणाले, “लेखी द्या, मग बघतो.” दिले. दोन पाने, एकही खाडाखोड नाही. काकांनी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा, अशी मागणी केली. साहेबांनी त्यावर मेमोचा शिक्का मारला.

काका — सगळेच त्यांना काका म्हणतात — तारा ओढण्याच्या कामावरून इथवर आले. पदवी नाही. कंत्राट दर मार्चअखेर नवे होते. मेमो असेल तर होत नाही. हे मला ठाऊक आहे. पण गेटवे म्हणजे काही चावडी नव्हे, कुणीही यावे आणि निवाडा करावा!

पाठीमागे मला ‘शुद्धलेखन’ म्हणतात, हेही ठाऊक आहे.

बुधवार, ६ मार्च

सकाळी आठला आईला फोन. “ठीक आहेस ना?” — “ठीक आहे गं.” ठेवला. दमले आहे.

शुक्रवार, ८ मार्च

काकांचा खुलासा आला. वहीच्या फाडलेल्या पानावर, तीन ओळी. ‘तिसरा नुसता हो हो म्हनत होता. काम करत नव्हता. म्हनून पाळी लावली.’ दोन्ही ‘न’ चुकीचे. मी लाल शाईने ‘ण’ केले — सवयीने — आणि कागद फायलीत लावला.

सर्व्हर ‘हो हो’ म्हणतो! ही काय तांत्रिक भाषा झाली?

जिन्यात भेटले. डबा हातात. मीच विचारले, तुम्ही बैठकीत येऊन मला सांगितले का नाही? म्हणाले, “आलो होतो मॅडम. तुम्ही हात वर केलात — थांबा म्हणून. थांबलो की दहा मिनिटं. मग म्हटलं, पेशंट कशाला थांबवायचे?”

हात वर केल्याचे आठवत नाही. करते मात्र मी तसा.

रविवार, १० मार्च

आईकडे गेले. दार डाव्या हाताने उघडले तिने. उजव्या मनगटाला पट्टा. न्हाणीघरात घसरून तीन आठवडे झाले! तीन आठवडे मी रोज फोन करते आहे!

“आई, रोज ठीक म्हणत होतीस!”

“मग? तू विचारतेस तरी काय? ठीक आहेस ना, एवढंच. हो म्हटलं की ठेवतेस. एकदा तरी विचारलंस, आज भाजी कुणी चिरली?”

“तू आपण होऊन सांगायचंस.”

“सांगायला घेतलं की तुझं सुरू — लवकर बोल, लवकर बोल. म्हटलं, जाऊ दे. ठीक म्हणून टाकावं, लेक सुखी.”

भाजी मी चिरली. चाकू बोथट होता. ‘नुसता हो हो म्हणत होता’ — चिरताना हेच डोक्यात.

सोमवार, ११ मार्च

सकाळी सातलाच कार्यालयात. गेल्या सोमवारच्या नोंदी पहिल्या ओळीपासून वाचल्या. आधी ११.२२ च्या मागे गेलेच नव्हते. उत्तर माहीत असल्यावर कोण वाचतो?

१०.५८ ला तिसऱ्या सर्व्हरचा अहवालांच्या साठ्याशी संबंध तुटला. तेव्हापासून तो प्रत्येक विनंतीला तत्काळ नकार देत होता. शोधायचेच काही नाही, म्हणून सर्वांत वेगवान! आणि माझा नियम: जो लवकर उत्तर देतो, त्याला पुढची. चोवीस मिनिटे शंभरातल्या नव्वद विनंत्या त्या एका निकामी सर्व्हरकडे. काकांनी पाळी लावली आणि नव्वदांच्या तेहतीस झाल्या. मी नियम परत लावला — पुन्हा नव्वद. सुटका झाली ती यंत्रे बंद-चालू केल्याने. माझ्या हुशारीने नव्हे.

मग धोक्याचा भोंगा का वाजला नाही? गेटवे दर दहा सेकंदांनी तिघांनाही ‘ठीक आहेस ना?’ विचारतो. त्याला उत्तर देणाऱ्या प्रोग्रॅमचे पान उघडले. एकच ओळ आहे: काहीही न तपासता ‘ठीक’ म्हण. तारीख दोन वर्षांपूर्वीची, लिहिणाऱ्याचे नाव — माझे. तेव्हा घाई होती. उत्तर चटकन यायला हवे होते.

आणि फोन ११.३० ला का सुरू झाले? कारण फोन घेणारी बाई साडेअकराला येते! मी माझ्याच अहवालात ते पुरावा म्हणून, अधोरेखित करून दिले आहे.

मंगळवार, १२ मार्च

साहेबांना तोंडी सांगितले. म्हणाले, “अहो, झालं गेलं. काकांचं तसंही वय झालंय. तुमचं नाव कशाला मध्ये? ठीक आहे, बघू आपण.”

ठीक आहे.

बुधवार, १३ मार्च

पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून पोच घेतली. प्रत इथे उतरवते:

‘दि. ४ मार्चचा दोष सर्वस्वी माझा आहे; नोंदी जोडल्या आहेत. काकांवरील मेमो रद्द करून तो माझ्या नावे काढावा. त्यांच्या खुलाशावरील लाल शाई माझी आहे. ती कृपया वाचू नये, मजकूर वाचावा. महिनाअखेरीपूर्वी उत्तर द्यावे. लेखी. “ठीक आहे” हे उत्तर समजले जाणार नाही.’