पाटलांच्या गणपतीचे डोळे

पेण, ११-९-६१
चतुर्थी परवावर. सकाळच्या एस.टी.ने मुंबईहून घरी. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, जिकडेतिकडे गणपती. आप्पांच्या उजव्या अंगठ्याला नखुर्डं. देवाच्या डोळ्यांची आखणी ते कुणालाच करू देत नाहीत. मी आजवर फक्त दागिने सोनेरी केले. आज म्हणाले, "तीन महिने चित्रकला शिकलीस ना? हे पाच घे."
म्हणजे परीक्षाच. मुंबईची परवानगी एकाच वर्षाची, पुढचं माझं काम बघून ठरणार.

१२-९
झाले पाचही! देव टेबलावर, मी स्टुलावर, नाकासमोर नाक. पापणी बुबुळाला किती झाकते, सगळं सरांनी शिकवलं तसं. स्वतःवर बेहद्द खूश. जवळच्या वाशीचे पाटील एक घेऊन गेलेसुद्धा.

नंतर आप्पांनी उरलेल्यातला एक उंच फळीवर ठेवला आणि मला जमिनीवर बसवलं. "आता बघ."
देव माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीकडे बघत होता. मखर उंच, माणसं खाली मांडी घालून. एवढं साधं! कारखान्यात जन्मले, वाढले, आणि तीन महिने उभ्याने चित्रं काढून विसरले. चौघांची नजर आप्पांनी दुखऱ्या अंगठ्यानेच खाली आणली. फार वाईट वाटलं.
पाचवा पाटलांकडे.

१३-९
प्राणप्रतिष्ठा झाली असेल. आता विसर्जनापर्यंत त्या डोळ्यांना हात लावायचा नाही. पाच दिवस पाटलांचा देव भिंतीकडे...

१८-९
बाजारात पाटील भेटले. "आप्पा, यंदा देव आमच्याकडं बगतच न्हवता."
"चुकलं आमचं," आप्पा म्हणाले. माझं नाही, आमचं.
तीन पिढ्यांचं गिऱ्हाईक. पुढचा गणपती सांगायला लोक घरचा पाट जेठात आणून ठेवतात. पाटलांचा येतो का, बघायचं.

गिरगाव (मावशीकडे), १९-१-६२
वर्गात दंतमंजनाचं पोस्टर. माझं भिंतीवर उंच टाचलं आणि खाली फतकल मारून बघत बसले. मुलं खिदळली. सर म्हणाले, "हे काय चाललंय?"
"रस्त्यावरच्या माणसाला कसं दिसेल, ते बघतेय."
सरांनी अख्खा वर्ग जमिनीवर बसवला! मघाशी हसणारेच आता माना वर करून बसलेले. मजा आली. पाटलांची शिकवणी, दुसरं काय.

पेण, ३-५-६२
पास. वर्गात दुसरी. आप्पा "बरं" म्हणाले. त्यांचं "बरं" म्हणजे बरंच असतं, असं आई म्हणते. दुसऱ्या वर्षाचा फॉर्म देवळीत, सहीवाचून.
दिवसभर शाडू मळला. हात दुखले, पण बरं वाटलं. मुंबई आवडते, तरी हा ओल्या मातीचा वास तिथे नाही.

९-६
जेठ लागला. पाट येताहेत. पाटलांचा नाही.

१२-६
आले! पाट काखेत. मी दाराआड.
"मागल्या सालचं डोलं कुनी काडलेलं?"
आप्पा म्हणाले, "पोरीनं."
"आमचा बाबा दोन वर्सं बाजेवर हाय. खाली बसता येत न्हाय त्याला. आमी सगली खाली बसून बोंबलतोय, देव बगत न्हाय. आन बाबा म्हनतो, माझ्याकडंच बगतोय की! पाच दिस टाल्या वाजवल्या त्यानं. यंदा डोलं पोरीनंच काडायचं, सांगून ठेवलंय."
आप्पांनी पाट माझ्या हातात दिला. "म्हातारा बाजेवर, बाकीचे खाली. दोघांकडे बघणारे डोळे काढायचे."
"कसे?"
"मला काय विचारतेस? मी शाळेत नाही गेलो."

दुपारभर एकदा बाजेवर, एकदा जमिनीवर बसून बघत होते. आई म्हणते, वेड लागलं. लागू दे. अजून काही सुचलेलं नाही.
कॉलेज सोमवारी उघडतं. फॉर्म अजून देवळीतच आहे, पण त्याच्यावर आप्पांचा चष्मा.