दोन दिवस घरात राहिलेलं पार्सल

पुणे, १४ जून

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार (साष्टांग कागदावरच, खाली वाकलं की मांड्या बोंब मारतात).

इथल्या शिबिरात मोबाइल सहा आठवडे नाचाच्या बाईंच्या कपाटात कुलूपबंद, म्हणून ही पत्रं. सकाळी साडेसातपासून बॅले, मग जेवण, मग पुन्हा बॅले. बोईसरच्या क्लासात निमेश सर मला पुढच्या रांगेत उभी करायचे. इथे बावीस जणींत मी सगळ्यात मागे. भिंतीलगतचा दांडा नुसता बोटांनी धरायचा असतो आणि मी तो मुठीत आवळते. घरी बोंबील वाळत घालायचा बांबू धरून सराव केला ना, तो हलायचा, त्याची ही सवय. बाई म्हणतात, दांड्याला लटकतेस तशीच बुटाच्या कडक टोकावर रेलतेस, स्वतःच्या पायावर उभी राहा. कळतं, पण जमत नाही. शेवटी परीक्षा आहे, फक्त आठ जणींना वर्षभर ठेवतील. मला राहायचंच आहे, आणि रोज संध्याकाळी वाटतं बॅग भरून निघावं. हे आईला वाचून दाखवू नका.

लोभ आहेच, तो जरा जास्त करावा.
आपली हेमाली

माहीम (पालघर), १९ जून

चि. हेमालीस अनेक आशीर्वाद.

पत्र आईला वाचून दाखवलं, गाळायचं ते गाळून. मासेमारी बंद, होडी वर ओढलेली. तिची डागडुजी दोनदा झाली, तिसऱ्यांदा केली तर लोक हसतील. घरात मला बसवत नाही. आई म्हणते, एवढी येरझार घालायची तर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन बाजारला तरी जा.

मंजुळाआत्यानं बोईसरच्या एका कंपनीत तुझ्यासाठी पॅकिंगची जागा बोलून ठेवली आहे, ऑगस्टपासून. कंपनीची बस आहे, संध्याकाळी तू घरी. आपलं सहा आठवड्यांचंच ठरलं होतं, एवढं ध्यानात ठेव.

पोटभर जेव.
तुझा बाबा नामदेव

पुणे, २८ जून

ती. बाबांस शि. सा. नमस्कार.

घाईत लिहिते. बोटांच्या टोकावर उभं राहायचे माझे बूट घामानं मऊ पडलेत. टोक कापडाचं आणि गोंदाचं, दहा-बारा दिवसांत मरतं. घरी कपाटात वरच्या फळीवर नवी जोडी आहे, ती लगेच कुरिअर करा. माझ्या मापाची इथे मिळत नाही. परीक्षा ११ जुलैला आहे.

आत्याला अजून हो म्हणू नका.
हेमाली

माहीम, ४ जुलै

चि. हेमालीस आशीर्वाद.

जोडी पाठवतो आहे. दहा दिवसांत मरणारा बूट कसला? होडीला लावतो ते रेझिन आतून-बाहेरून दोनदा लावलं आहे. आता पाच वर्षं बघायला नको!

तुझा बाबा

पुणे, ८ जुलै

बाबा,

बूट मिळाले. असे बूट पायाबरोबर वाकावे लागतात, हे तसूभर वाकत नाहीत. मुलींनी फरशीवर ठोकून पाहिले आणि हसल्या. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

एकच विचारते. माझं पत्र एक तारखेपर्यंत पोचलं असणार. पार्सल चारला का निघालं? मी परत यावं म्हणून केलंत का हे?

हेमाली

माहीम, ११ जुलै

चि. हेमाली,

तुझं पत्र आज आलं, आणि आजच तुझी परीक्षा. सकाळपासून चार वेळा किनाऱ्यावर जाऊन आलो. तिथे कोण मला सांगणार तुझं काय झालं ते.

तुझं पत्र एक तारखेलाच आलं होतं. बूट लगेच खोक्यात भरले आणि खोकं दोन दिवस खाटेखाली ठेवलं. मनात आलं, नाही पोचलं तर पोरगी घरी येईल. तिसऱ्या दिवशी माझी मलाच लाज वाटली. नुसतं पाठवून भागणार नाही असं वाटलं, म्हणून रेझिनचा डबा काढला. जेवढी लाज, तेवढा जाड थर दिला. बिघडवायला नव्हतं लावलं, एवढं मान. पण तुझा संशय अर्धा खरा आहे, आणि तो अर्धा मी तुझ्या आईलाही सांगितलेला नाही.

रागावलीस तरी लिही.
बाबा

पुणे, १५ जुलै

ती. बाबांस शि. सा. नमस्कार (या वेळी खरोखर वाकून).

तुमचं पत्र काल मिळालं. खूप राग आला, आणि दोन दिवस ते खोकं खाटेखाली ठेवून येरझार घालणारे तुम्ही दिसलात, तेव्हा रडूही आलं.

परीक्षा जुन्या, मेलेल्या बुटांत दिली. रेलायला आत काही उरलंच नव्हतं. रेलले असते तर घोटा मुरगळला असता. पोटापासून, मांडीपासून अख्खी मी उभी राहिले. दोनदा डळमळले, पडले नाही. बाई म्हणाल्या, आज पहिल्यांदा तुझे पाय दिसले.

आठांत माझं नाव आहे, बाबा. सातवं. मी वर्षभर इथेच राहणार. नारळीपौर्णिमेलाही यायला जमणार नाही. आत्याला तुम्हीच सांगा.

लोभ तुटू देऊ नका.
हेमाली

माहीम, १९ जुलै

चि. हेमालीस अनेक आशीर्वाद.

आईनं अख्ख्या बाजारात सांगितलं. आत्याला मी सांगितलं. ती दोन दिवस बोलणार नाही, चालेल. खाटेखालच्या खोक्याचं आईलाही सांगितलं. तिनं उठून चहा ठेवला.

तुझ्या मापाचे नवे बूट निमेश सरांनी मुंबईहून आणून आत्ता सकाळी दिले. मी खोकं उघडलेलं नाही. घरातही नेलं नाही, ओट्यावरच पत्ता लिहिला. हे पत्र वर चिकटवतो आणि तसाच कुरिअरवाल्याकडे निघतो.

बाबा