गोळ्यांच्या पाकिटावरचं मराठी

आई, मी घाबरलेय. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, फुकटची कामं अंगावर घेऊ नकोस म्हणून मी आधीच सांगत होतो. मुलीला सांगितलं तर ती मलाच शहाणपण शिकवेल. तुला सांगते, कारण जे झालंय त्याची सुरुवात तुझ्यामुळं झाली होती. आणि वहीच्या कागदावर लिहितेय, कारण आज कॉम्प्युटरवर मनातलं काही लिहायची हिंमत होत नाही. भर दुपार आहे, बाहेर सोलापूरचं ऊन नेहमीसारखं भाजून काढतंय.

तो दिवस तुला किती आठवत होता कोण जाणे, मला अजून सगळा दिसतो. तू स्वयंपाकघरात भाकरी थापतेस आणि थापता थापता तुझा हात थांबतो. तू माझ्याकडं बघतेस, पण मी कोण ते तुला कळत नाही. अंग घामानं निथळलेलं. मी साखरेचा डबा उपडा करून बोटानं तुझ्या जिभेवर साखर चोळते, शेजारणीला हाका मारते, आणि हळूहळू तुझ्या डोळ्यांत ओळख परत येते. बीपीची गोळी गुलाबी आणि साखरेची पांढरी, एवढ्या खुणेवर तुझं चालायचं. त्या महिन्यात बीपीची गोळी दुसऱ्या कंपनीची आली, तीही पांढरी, आणि तू साखरेच्याच दोन घेतल्या होत्यास. पाकिटावर नाव होतं, पण इंग्रजीत. तुला मराठी वाचता येत होतं. विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात उतारवयात शिकली होतीस, आणि नवी पेठेतून रिक्षानं जाताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायचीस, तेव्हा रिक्षावालाही वेग कमी करायचा. शुद्धीवर आल्यावर तू ते पाकीट उलटंसुलटं करून पाहिलंस आणि म्हणालीस, "रोग माजा, आन् औषदावर माज्या भाषेत एक अक्षर न्हाय."

तेव्हा मी औषधांच्या दुकानांची बिलिंगची कामं नुकतीच बघायला लागले होते. नवी पेठेतल्या एका दुकानदाराकडं चिठ्ठ्या छापायचं छोटं प्रिंटर होतं. त्याला मराठी दिलं की अक्षरांचे तुकडे व्हायचे, काना एकीकडं, वेलांटी दुसरीकडं. दुपारी गिऱ्हाईक नसताना त्या प्रिंटरशी झटापट करत मी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. एके दिवशी त्यातून 'सकाळी, जेवणाआधी, एक' अशी ठसठशीत चिठ्ठी बाहेर आली. ती मी तुझ्या पाकिटावर चिकटवली. तू बोट फिरवत वाचलीस, मग परत वाचलीस, मग शेजारणीला बोलावून वाचून दाखवलीस. तेवढं कौतुक मला कुठल्याच परीक्षेत मिळालं नव्हतं.

पुढं मी तो प्रोग्रॅम इंटरनेटवर ठेवून दिला, कुणीही घ्या, वापरा, सुधारा, पैसे नकोत म्हणून. ओपन सोर्स म्हणतात त्याला. आत काय लिहिलंय ते झाकायचं नाही, उघडं ठेवायचं. तुला मी हे समजावून सांगितलं तर तू कपाळावर आठ्या घातल्यास. "फुकाट दिलंस की त्येची किंमत न्हाय ऱ्हात," एवढं बोलून तू सूप मांडीवर ओढलंस आणि बिड्या वळायला लागलीस. या विषयावर ज्याला त्याला मत असतंच. नवी पेठेतला दुकानदार म्हणायचा, फुकट आहे म्हणजे आत काहीतरी भानगड असणार. पुण्याची माझी मैत्रीण म्हणायची, उघडं असतं तेच सुरक्षित, कारण हजार डोळे त्याच्यावर असतात. मी तिच्या बाजूची होते. ते हजार डोळे मला मात्र कधी दिसले नाहीत. माझे दोन होते, त्यांनाही आता चष्मा लागलाय.

तू गेल्यावर प्रोग्रॅम मात्र वाढत राहिला. लोकांनी तो आपापल्या मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसवला. कुठल्या कुठल्या जिल्ह्यातली दुकानं, सरकारी दवाखाने, सगळीकडं पाकिटांवर मराठी चिठ्ठ्या लागायला लागल्या. अक्कलकोटच्या एकानं कन्नडही घाला म्हणून गळ घातली, ते घातलं. ज्यांच्या मोठमोठ्या कंपन्या यावर चालतात त्यांच्याकडून कधी साधी विचारपूस नाही, पण काही बिघडलं की दोन ओळींचा दरडावणारा निरोप यायचा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं माझं झालं होतं. दिवसभर दुकानांची कामं करायची, घरी येऊन स्वयंपाक करायचा, आणि उरलेल्या वेळात कधी न पाहिलेल्या माणसांची दुखणी निस्तरायची. पण सोडवत नव्हतं. कुठल्याशा गावात तुझ्यासारखीच कुणीतरी बाई बोट फिरवत 'जेवणाआधी' वाचत असेल, असं मनात यायचं आणि मी पुन्हा कामाला बसायचे.

तेव्हा हा मुलगा आला. मुलगाच म्हणते, तो काय आहे हे मला आजही माहीत नाही. त्यानं आधी एक लहानशी चूक दुरुस्त करून पाठवली, मग दुसरी. काम नेटकं, बोलणं गोड. आणि आई, तो मराठीत लिहायचा. या जगात सगळे इंग्रजीत बोलतात, मीसुद्धा अडखळत इंग्रजीतच लिहिते. तिथं एक निरोप येतो, 'ताई, मी मूळचा जेऊरचा, शिक्षणासाठी बाहेर पडलो.' आपल्या जिल्ह्याचा पोरगा म्हटल्यावर माझं मन एकदम सैल झालं. परक्या गावात एसटीत कुणी आपल्या बोलीत बोललं की आपण सरकून जागा देतो, तसं. त्यानं शेंगाच्या चटणीची आठवण काढली, मी हुरळून गेले. सोलापूर म्हटलं की शेंगाची चटणी हे कुणालाही माहीत असतं, एवढंही तेव्हा सुचलं नाही.

मग मला टायफॉईड झाला. अंथरुणाला खिळले आणि नेमकं त्याच दिवसांत तक्रारींचा पाऊस सुरू झाला. आजवर कधी न दिसलेली माणसं लिहू लागली, काम जमत नसेल तर दुसऱ्याला द्या, लोकांचा खोळंबा करू नका. तो मात्र माझी बाजू घ्यायचा. त्या सगळ्यांना म्हणायचा, ताई आजारी आहेत, जरा धीर धरा. मग एकदा मला वेगळं लिहिलं, 'ताई, तुम्ही आराम करा, नवीन आवृत्ती मी काढत जाईन, फक्त तेवढा अधिकार द्या.' मी तापातच त्याला किल्ली दिली. किल्ली म्हणजे पासवर्डसारखंच काहीतरी. ज्याच्याकडं ती असते त्यानं तयार केलेला प्रोग्रॅम सगळीकडं माझ्याच नावानं, माझ्याच भरवशावर जातो. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी शांत झोपले.

तुझी ती पद्धत तेव्हा आठवायला हवी होती. आपल्या आळीत कुणी बाई आजारी पडली की बाकीच्या तिच्या वाट्याच्या बिड्या वळून द्यायच्या, तिचं कारखान्यातलं काम बंद पडू नये म्हणून. तू बाळंतपणानंतर आजारी होतीस तेव्हा तुझ्याही दिल्या होत्या. पण दुसरीनं बांधून दिलेला कट्टा तू दोरा सोडून, बिड्या सुपात पसरून बघितल्याशिवाय आपल्या टोपलीत टाकायची नाहीस. शेजारीण एकदा दुखावली, माझ्यावर भरवसा न्हाय व्हय, म्हणाली. तू मान वर न करता म्हणालीस, "भरवसा तुज्यावर हाय की. बिडी बघावीच लागती." तेव्हा मला तू फार रुक्ष वाटली होतीस. शेवटी शेवटी तुझी नजर गेली आणि तूही कट्टे न सोडताच घ्यायला लागलीस, हेही मला आठवतं. माणूस थकलं की भरवशावरच राहतं. मीही तेच केलं, बाई.

परवा नवी पेठेतल्या त्याच दुकानात गेले होते. आता दुकान त्या दुकानदाराच्या मुलाकडं आहे. तो सहज म्हणाला, "मॅडम, चिठ्ठी आता जरा थांबून थांबून येती बघा." क्षणभराचा उशीर, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. मी घरी येऊन तपासत बसले. जगाला दाखवायला उघडं ठेवलेलं जे लिखाण आहे, त्यात काहीच वावगं नव्हतं. पण लोक जो बांधून ठेवलेला तयार प्रोग्रॅम उतरवून घेतात, त्यात एक तुकडा जास्त होता. तो मी लिहिला नव्हता आणि उघड्या लिखाणातही तो कुठं नव्हता. मला तो पुरता वाचता येत नाही. एवढंच कळतं की तो आत दबा धरून आहे आणि बाहेरून कुणीतरी हुकूम देईल त्याची वाट बघतोय. हजार डोळे उघड्या लिखाणाकडं बघत होते म्हणावं, तर बांधलेला कट्टा सोडून बघणारं कुणी नव्हतंच.

मी त्याला विचारलं. मी बोट उचलते न उचलते तोच उत्तर आलं, लांबलचक, मुद्देसूद, गोड. तो तुकडा म्हणे वेग मोजण्यासाठी आहे, काळजीचं कारण नाही. मी म्हटलं फोन कर. तर म्हणे त्याचा घसा बसला होता. या दोन वर्षांत मी त्याचा आवाज कधीच ऐकला नव्हता, हे तेव्हा ध्यानात आलं. मग मी विचारलं, जेऊरच्या स्टेशनवर उतरल्यावर तुझ्या घराकडं कसं जायचं? तर उत्तर आलं की आमचं जेऊर हे निसर्गरम्य गाव असून तेथील लोक कष्टाळू व प्रेमळ आहेत. चौथीच्या निबंधात लिहावं तसं. घराचा रस्ता त्यात नव्हताच. हल्ली यंत्रंही अशी मराठी लिहितात, आई. माझ्याशी बोलत होता तो कुणी माणूस होता, दहा माणसं होती, की माणूसच नव्हता, मला सांगता येणार नाही. आणि त्या तक्रारी करणाऱ्या अनोळखी लोकांचं लिहिणंही आता वाचलं तर एकाच हातचं वाटतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ना, त्या मी स्वतः उठून दिल्या.

मला माझ्या बदनामीची भीती नाही असं म्हणणार नाही, ती आहेच. पण खरी भीती त्या बाईची आहे, जिचं नाव मला माहीत नाही. तो हुकूम आला आणि 'जेवणाआधी'चं 'जेवणानंतर' झालं, एकाच्या दोन झाल्या, तर ती बोट फिरवून वाचेल आणि तसंच करेल. इंग्रजी पाकिटावर तिला संशय तरी होता, कुणाला तरी विचारलं असतं. मराठीवर ती विश्वास ठेवेल. तो विश्वास मी तिला शिकवलाय. आणि जाहीर सांगावं की हा प्रोग्रॅम लगेच काढून टाका, तर आज संध्याकाळपासूनच कितीतरी दुकानांत पाकिटं पुन्हा इंग्रजी होतील. तुझ्यासारख्या बाया पुन्हा गोळ्यांच्या रंगावर येतील. दोन्हीकडून भीती तीच. वर मन म्हणत राहतं, समजा तो खरंच जेऊरचा असेल आणि खरंच घसा बसला असेल तर? तर मी एका भल्या पोराला जगासमोर चोर ठरवतेय.

तरी सकाळी मी लिहून टाकलं. माझ्या अडखळत्या इंग्रजीत आणि खाली मराठीत, की माझ्या नावानं आलेल्या या प्रोग्रॅमवर सध्या विश्वास ठेवू नका, काढून टाका, जुना घ्या, आणि जुना मिळाला नाही तर चिठ्ठ्या हातानं लिहा. मग नवी पेठेत आणि माझ्याकडच्या बाकी दुकानांत एकेकाला फोन केले. नवी पेठेतला दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "हातानं? एवढ्या गर्दीत? बरं, लिवतो की." तेव्हापासून निरोपांवर निरोप येताहेत. काही आभाराचे, काही शिव्यांचे, बरेचसे माझ्यासारखेच घाबरलेले. मधल्या दिवसांत तो हुकूम कुठं पोचून गेला असेल का, हे कुणालाच सांगता येत नाही. फोन वाजला की वाटतं, आता कुठल्यातरी दवाखान्यातून असेल. अजून तसा आलेला नाही.

हे पत्र तुला पोचायचं नाही, आणि पोचलं असतं तरी तू वाचून बाजूला ठेवलं असतंस आणि म्हणाली असतीस, मग कट्टा सोडून का न्हाय बघितलास. त्याला माझ्याकडं उत्तर आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. त्याचे निरोप बहुतेक दुपारी यायचे आणि शेवटी एक ओळ असायचीच, ताई, जेवलात का? तू गेल्यापासून मला हे कुणी विचारलं नव्हतं. घरात मी सगळ्यांना वाढते, म्हणून मी जेवले असेन असं सगळे धरून चालतात. आज सकाळी मी त्याची किल्ली काढून घ्यायला बसले, तेव्हा पडद्यावर त्याचा शेवटचा निरोप तसाच होता, ताई, काळजी करू नका, जेवलात का? मला माहीत होतं की हे विचारणारं बहुतेक कुणी नाहीच. तरी मी आधी 'हो, जेवले' असं लिहिलं, ते गेलं याची खात्री केली, आणि मग त्याला काढून टाकलं. जेवले नव्हते, आई.